मदत हवी आहे : ओसाकात टायफूनआधी घराची तयारी

नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात आम्ही ओसाकात बंदराजवळ राहायला जातोय. भाड्याचं घर, नववा मजला, बाल्कनीला भलीमोठी काच आणि शटर नाही. ४ सप्टेंबर २०१८ ला 'जेबी' नावाचा टायफून (चक्रीवादळ) आला तेव्हा तिथे समुद्राची पातळी ३.२९ मीटरवर गेली होती. भराव घालून बांधलेल्या कान्साई विमानतळाची धावपट्टी बुडाली, शिवाय भरकटलेलं टँकर जहाज विमानतळाच्या पुलावर आदळलं. हजारो प्रवासी अडकले! आम्हाला पाण्यापेक्षा काचेची धास्ती आहे. नुसती टेप मारून काही होतं का, की काचेवर चिकटवायची फिल्मच लावावी? मालक परवानगी देतात का? वीज गेली की पंपही बंद, मग पाणी किती साठवायचं? सासूबाई सोबत आहेत, त्यांना जिने जमत नाहीत. तिथे राहिलेल्यांनी प्लीज सांगा.