मदत हवी आहे: वेल्श कोर्स दक्षिणेचा झालाय, आता उत्तरेत आलोय

वेल्समधल्या मराठी मंडळींना, खासकरून उत्तरेकडच्या ग्विनेद काउंटीमध्ये राहणाऱ्यांना विचारतेय. आम्ही कार्डिफहून कार्नार्व्हनला शिफ्ट झालोय. तिकडे इंग्रजीवर सगळं भागायचं, इथे मात्र दुकानात, बस स्टॉपवर आधी वेल्शच कानावर पडतं आणि मुलीची शाळाही वेल्श माध्यमाची. ती पटापट उचलतेय, प्रश्न माझा आहे.

कार्डिफला दस्गी कम्राइगची (मोठ्यांसाठीचे वेल्श शिकण्याचे कोर्स) एन्ट्री लेव्हल पूर्ण केली होती, पण ती दक्षिणेची आवृत्ती. इथे आजीला 'नाइन' म्हणतात, मी शिकले 'मामगी'. दूध वेगळं, 'मला हवंय' वेगळं, वर लोक भराभर बोलतात आणि मी जरा अडखळले की लगेच इंग्रजीवर येतात (चांगुलपणानेच, पण मग बोलणार कधी!). शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं ते प्रकरण आता बऱ्यापैकी जमतं, 'कार्नार्व्हनला' म्हणताना क चा ग होतो वगैरे, त्यामुळे ग्रामर परत पहिल्यापासून करायचा कंटाळा आलाय. ड्युओलिंगो करून झालं, एस-फोर-सी (वेल्श टीव्ही चॅनल) सबटायटल लावून बघते, तरी समोरासमोर बोलताना गाडी अडतेच.

संध्याकाळचा क्लास जमणार नाही, दुपारी किंवा ऑनलाइन चालेल. फीचा प्रश्न नाही.

तर असं दक्षिणेकडून उत्तरेत आलेल्या कोणी थेट उत्तरेची फाउंडेशन (एन्ट्रीनंतरची) लेव्हल घेतलीय का, झेपली का, की एन्ट्री पुन्हा उत्तरेची करावीच लागते?