सेक्शन बदलू नका, मेटापॅकेज करा

सिडकोतल्या क्लासच्या २० संगणकांवर ठरावीक पॅकेजेस (बसवायची सॉफ्टवेअर) एका गटात बसवायची आणि काढायची कशी, असा प्रश्न होता. त्यावर प्रत्येक पॅकेजची 'सेक्शन' (म्हणजे भांडारातला वर्ग) ओळ बदलून पुन्हा बिल्ड करायचा उपाय सुचवला गेलाय, तो टिकणार नाही. डेबियन या लिनक्स प्रणालीत एका पॅकेजला एकच सेक्शन मिळतो आणि मूळ भांडारातून पुढची आवृत्ती आली की तुमचा बदल पुसला जातो. गट हवा असेल तर 'इक्विव्हज' हे साधन वापरून मेटापॅकेज, म्हणजे फक्त इतर पॅकेजेस सोबत आणणारं रिकामं पॅकेज, करा. 'इक्विव्हज-कंट्रोल' नमुना फाइल देतं. तिच्यात 'पॅकेज' ओळीत गटाचं नाव घाला आणि 'डिपेंड्स'मध्ये गटातली पॅकेजेस लिबरऑफिस-राइटर, फॉन्ट्स-लोहित-देवा, आयबस-एम१७एन असं स्वल्पविराम देऊन लिहा. मग 'इक्विव्हज-बिल्ड' चालवा. तयार झालेली डेब फाइल ॲप्टने (डेबियनच्या पॅकेज बसवायच्या आज्ञेने) बसवताना नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ (./) किंवा फाइलचा पूर्ण मार्ग हवाच, नाहीतर ॲप्ट ती भांडारात शोधत बसतं.

सेक्शन फक्त सिनॅप्टिकमध्ये (पॅकेजेस बसवायच्या खिडकीवाल्या प्रोग्रॅममध्ये) डावीकडच्या यादीपुरता असतो असं काही जण म्हणतात, तेही पूर्ण खरं नाही. ॲप्टच्या '०१ऑटोरिमूव्ह' फाइलमध्ये 'मेटापॅकेजेस' हा सेक्शन वेगळा नोंदलेला आहे. गटाला तो दिलात तर गट काढल्यावरही त्यातली पॅकेजेस ऑटोरिमूव्हने (आपोआप आलेली आणि आता कुणाला न लागणारी पॅकेजेस काढणाऱ्या आज्ञेने) जात नाहीत. सत्र संपल्यावर सगळं एकदम काढायचं असेल तर नमुन्यातला 'मिस्क' हा सेक्शनच राहू द्या. त्यातली काही पॅकेजेस आधीच हाताने बसवलेली असतील तर त्यांच्यावर 'ॲप्ट-मार्क ऑटो' चालवा, म्हणजे तीही आपोआप आलेली धरली जातील. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं: गट जातो, पॅकेजेस तशीच राहतात.