हक्क लिहून ठेवल्यानं काय होते?

आर्वीचा कास्तकार : काल इथं एका भावानं टाकलं, "ऑस्ट्रेलियात देशभरासाठी लेखी हक्कनामा नाही, तरी लोक सुखात. कागदानं पोट भरत नाही." डोकंच तापलं. सुखात कोण हो? तिथल्या आदिवासींची लेकरं सरकारनं मायजवळून ओढून नेली, कित्येक दशकं. त्यातले काही तिथल्या सर्वोच्च कोर्टात गेले. 1997 साली दावा फेटाळला. ज्या हक्कांवर बोट ठेवलं, ते त्यांच्या घटनेत कोर्टाले सापडलेच नाहीत.

निवृत्त गुरुजी : आपल्याकडं तर लिहिलेलं होतं ना? आणीबाणीत कोंडलेल्यांना कोर्टात दाद मागता येत नाही, असा 1976 साली चार विरुद्ध एक निकाल आला. एकटे न्यायमूर्ती खन्ना आडवे उभे राहिले. माणूस लागतो, कलम नाही.

पुलगावकर : गुरुजी, तो चांगला माणूस आमच्या वाट्याले किती पिढ्या आलाच नाही. माझ्या आज्याले गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते. घटनेत अस्पृश्यता बंद करणारं कलम 17 आलं, ती पाळणाऱ्याले शिक्षा देणारा 1955 चा कायदा आला, तवा कुठं ठाण्यात जायची हिंमत झाली. तुम्हाले कागद नको असन, आम्हाले पाहिजे.

आर्वीचा कास्तकार : अन् 1976 चं म्हणाल, तर घटनेच्या 44 व्या दुरुस्तीनं जीविताचा हक्क आणीबाणीतही गोठवता येणार नाही असं लिहून घेतलं.

धामणगावची लेक : 44 वीचं कौतुक माझ्यापुढं नका करू. त्याच 1978 च्या दुरुस्तीनं मालमत्तेचा मूलभूत हक्क काढला. बाबांचं अडीच एकर ओलिताचं वावर कालव्यात गेलं, मोबदला लावला कोरडवाहूचा. नऊ वर्षं फडक्यात भाकर बांधून तारखा केल्या त्यांनी. अन् ज्या ऑस्ट्रेलियात हक्कनामा नाही म्हणता, तिथं केंद्रानं जमीन घेतली तर न्याय्य मोबदला द्या, असं घटनेतच लिहिलंय! राज्यांनाही तेच बंधन घालायचं म्हणून 1988 ला सार्वमत घेतलं, ते मात्र पडलं.

निवृत्त गुरुजी : ताई, त्याच हक्काच्या जोरावर जमीनदारांनी कुळांना अडवून धरलं होतं.

धामणगावची लेक : अडीच एकरवाला जमीनदार? तोंड सांभाळून बोला काका.

निवृत्त गुरुजी : तुझ्या बाबांबद्दल नव्हतं ते. चुकलं माझं. पण हक्क पूर्ण गेलेला नाही. घटनेचं कलम 300-अ आहे, कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येत नाही असं सांगणारं. 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं त्यातून सात हक्क मोजून दाखवले : नोटीस, म्हणणं ऐकणं, वाजवी मोबदला, वेळेत काम...

आर्वीचा कास्तकार : अन् ते सात कुठून निघाले गुरुजी? 300-अ म्हणजे एक वाक्य. ते लिहून होतं म्हणूनच ना?

निवृत्त गुरुजी : बरं, तेवढं मान्य. तेवढंच.

धामणगावची लेक : बाबा 2021 ला गेले. तो निकाल मराठीत कुठं मिळत असेल तर इथं टाका. काकाचं वावर आता मोजणीत आहे.