पार्किंगमधलं क्रिकेट

सी-१०४ : काल पुन्हा गाडीच्या आरशाला बॉल लागला. पार्किंगमध्ये खेळायला बंदी म्हणून नोटीस लावलीये ना? सेक्रेटरींनी लक्ष घालावं.

ए-३०२ : काका, खाली खेळू दिलं नाही तर पोरं मोबाईल घेऊन लोळणार. आमच्या चिरंजीवांचं शाळेच्या तपासणीत ‘वजन जास्त’ असं लिहून आलंय. सासूबाई म्हणतात, उंची वाढली की आपोआप उतरेल.

सी-१०४ : मोबाईल काढून घ्या. आमच्या वेळी असली थेरं नव्हती.

बी-५०१ : तुमच्या वेळी पार्किंगमध्ये एवढ्या गाड्याही नव्हत्या काका 😀

बी-२०३ (डॉक्टर) : ए-३०२, नुसत्या वजनाच्या आकड्यावरून काही ठरवू नकोस. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे, आयएपीचे, २०१५चे तक्ते आहेत. मुलाचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा, त्याच्या वयाप्रमाणे त्यावर मांडतात. मोठ्यांच्या २३ बीएमआयला जुळणारी रेघ ओलांडली की वजन जास्त, २७ची ओलांडली की लठ्ठपणा. आणि मानेवर मागच्या बाजूला काळपट, जाडसर पट्टा आहे का बघ.

ए-३०२ : आहे ना! बेसन लावून घासतेय, जातच नाही.

बी-२०३ (डॉक्टर) : घासू नकोस गं, मळ नाहीये तो. इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असू शकते. तुमच्या डॉक्टरांना दाखव. आणि जेवताना टीव्ही-मोबाईल बंद, आजपासून.

ए-३०२ : पण बसून राहिल्यामुळे वजन वाढतं ना? जेवणाचा काय संबंध?

बी-२०३ (डॉक्टर) : मला तर तोच मोठा वाटतो. अमेरिकेत सॅन होजेच्या दोन शाळांमधला प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला. तिसरी-चौथीची मुलं. एका शाळेत टीव्ही, व्हिडिओ गेम कमी करायला शिकवलं, दुसऱ्या शाळेत काहीच नाही. पहिल्या शाळेतल्या मुलांचा बीएमआय कमी वाढला. गंमत म्हणजे त्यांची पळापळ फारशी वाढली नव्हती. टीव्हीसमोर बसून जेवणं मात्र कमी झालं होतं.

सी-१०४ : म्हणजे खेळायची गरज नाही. सिद्ध झालं.

बी-२०३ (डॉक्टर) : सोयीचं तेवढंच उचलू नका काका 😄 ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं धाप लागेल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वजनासाठी नसली तरी हाडांसाठी, हृदयासाठी हवीच.

बी-५०१ : आमची दीड वर्षाची कार्टून लावल्याशिवाय घासच घेत नाही. तिचं काय करू?

बी-२०३ (डॉक्टर) : पोट भरलं की मूल तोंड फिरवतं. कार्टून चालू असलं की फिरवत नाही, म्हणून तर आपण लावतो! वाटी संपते, पण भूक कुठे थांबली ते तिला कळतच नाही. २ वर्षांपर्यंत स्क्रीन नकोच, २ ते ५ला दिवसाला तासाभराच्या आत. दोन-चार दिवस कमी जेवेल, जेवू दे. आजीला आधी समजव, खरा विरोध तिथूनच होतो.

बी-५०१ : आजी याच ग्रुपवर आहेत 🙈

ए-३०२ : आणि रात्री पांघरुणात मोबाईल चालतो त्याचं?

बी-२०३ (डॉक्टर) : चार्जर हॉलमध्ये. सगळ्यांचेच, तुमचेही. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी खा-खा सुटते.

सेक्रेटरी : मागच्या बाजूची व्हिजिटर पार्किंग संध्याकाळी ५ ते ७ मुलांसाठी रिकामी ठेवू. रविवारच्या मीटिंगमध्ये विषय घेतो.

सी-१०४ : प्लास्टिकचा बॉल असेल तरच. आणि आरशाचं बिल कोणाला देऊ?