आंब्याच्या साइटवर लेख लिहून गुगलवरून गिऱ्हाईक आणायचं आहे, सुरुवात कुठून करू?

खाडीकाठ:
देवगड हापूसची थेट विक्री करणारी आमची वर्डप्रेसवरची साइट आहे, दुकान वूकॉमर्स या विक्रीच्या प्लगइनवर. विक्रीची पाच पानं, बाकी मजकूर नाही. गुगलवरून जे येतात ते बागेचं नाव टाकूनच येतात, म्हणजे ओळखीचेच. आता ब्लॉग सुरू करतोय. तो सबडोमेनवर (साइटच्या नावापुढे 'blog.' लावून केलेल्या वेगळ्या पत्त्यावर) ठेवू की मुख्य साइटवरच? आठवड्याला किती लेख हवेत? 'हापूस खाण्याचे दहा फायदे' असे विषय चालतील का?

पाटपाणी:
फायद्यांचा विषय सोडून द्या. तिथे वृत्तपत्रं आणि आरोग्याच्या मोठ्या साइट आधीच बसल्या आहेत, आणि ते वाचणारा पेटी घ्यायला आलेलाच नसतो. पेटी घेणाऱ्याचे प्रश्न तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पडलेले आहेत. मागच्या हंगामातले मेसेज काढा आणि प्रश्न गिऱ्हाइकाच्याच शब्दांत वहीत उतरवा. आढीतला आंबा किती दिवसांनी पिकतो, फ्रिजमध्ये कधी ठेवायचा, चार डझनाच्या आणि सहा डझनाच्या पेटीतल्या फळात फरक काय. एका प्रश्नाला एक लेख. उत्तर पहिल्या दोन-तीन वाक्यांत, कारणं त्याखाली.

साक्याचंच घ्या. गिऱ्हाइकाला 'साका' हा शब्द माहीत नसतो, तो 'आंबा आतून पांढरा का' असं शोधतो. म्हणून शीर्षकात त्याचे शब्द ठेवा. याला कोकणात साका म्हणतात, तो बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो, हे पहिल्याच परिच्छेदात सांगा. सोबत कापलेल्या फळाचा तुमचा स्वतःचा फोटो, आणि असं फळ निघालं तर बदलून देता की नाही तेही स्पष्ट लिहा. बागायतदारच हे खात्रीने लिहू शकतो, उसन्या माहितीवर लेख पाडणाऱ्याला ते जमत नाही.

दुसरा चांगला विषय भौगोलिक मानांकनाचा, म्हणजे जीआय टॅगचा: ठराविक भागातल्या मालालाच ते नाव लावता येतं. २०१८ साली मिळालेलं हे मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या ५ जिल्ह्यांतल्या हापूसला आहे. त्यावरून अस्सल-नकलीचा प्रश्न हाताळता येतो.

एक पथ्य मात्र पाळा. 'देवगड हापूस ऑनलाइन' हे शब्द विक्रीच्या पानाच्याच शीर्षकात असू द्या. लेखाचंही तेच शीर्षक केलंत तर तुमचीच दोन पानं एकमेकांशी झगडतात, आणि कधीकधी गुगल नेमका लेख वर दाखवतं. लेखातून विक्रीच्या पानाला दुवा द्या, 'इथे क्लिक करा' असा नव्हे, 'पाच डझनाची पेटी' अशा शब्दांवर.

आठवड्याचा आकडा डोक्यातून काढा. मोहोर येण्याआधी असे आठ लेख नीट झाले तरी पुष्कळ.

अक्षरजुळणी:
सबडोमेन नको. गुगलला दोन्ही चालतं, पण एकाच साइटवर लेख असले की एकच वर्डप्रेस सांभाळावं लागतं.

आधी सेटिंग्जमधल्या रीडिंग या पानावर सर्च इंजिनांना अडवणारी खूण आहे ती काढलेली आहे का बघा. साइट बनवताना लावतात आणि तशीच राहते. मग सर्च कन्सोल या गुगलच्या साधनात डोमेनची नोंद डीएनएसच्या (डोमेनच्या सेटिंगमधल्या) टीएक्सटी रेकॉर्डने पक्की करा आणि साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, द्या. वर्डप्रेस ५.५ पासून साइटमॅप आपोआप तयार होतो.

मराठी साइटवर हमखास फसणारी जागा म्हणजे स्लग, लेखाच्या पत्त्यातला शेवटचा भाग. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना-मात्रा-अनुस्वारसुद्धा, एन्कोड झाल्यावर (पत्त्यासाठी टक्क्याच्या चिन्हांत बदलल्यावर) ९ जागा खातं आणि वर्डप्रेसची मर्यादा २०० ची आहे. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. 'हापूस आंब्यात साका का होतो' एवढ्या शीर्षकातही शेवटची मात्रा गळून 'होत' उरतं. देवनागरी पत्ता गुगलला वाचता येतो, पण तो असा तुटतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की टक्क्याच्या चिन्हांची लांबच लांब माळ होते. लेख प्रसिद्ध करण्याआधीच रोमन लिपीत दोन-तीन शब्दांचा स्लग हाताने घाला.

जुना मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये असेल तर युनिकोडमध्ये बदलून मगच चिकटवा. डोळ्यांना मराठी दिसली तरी गुगलला ती निरर्थक रोमन अक्षरं वाटतात.

खाडीकाठ:
फोटो मोबाइलवरचे ४-५ एमबीचे आहेत, तसेच चढवले तर चालतील का? आणि लेख चालतोय हे कशावरून ओळखायचं?

अक्षरजुळणी:
तसेच नका चढवू. रुंदी १२०० पिक्सेल करा, वेबपी या हलक्या प्रकारात बदला, दीडशे केबीच्या आत आणा. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा ही गुगलची चांगल्या पानाची मर्यादा आहे, आणि ती बहुधा पहिल्या फोटोमुळेच मोडते. त्या पहिल्या फोटोला लेझी लोडिंग (वाचक तिथे पोचल्यावरच फोटो उतरवणं) लावू नका.

पाटपाणी:
पहिले दोन-तीन महिने क्लिक मोजू नका. सर्च कन्सोलमध्ये इम्प्रेशन, म्हणजे शोधात पान किती वेळा दिसलं ते, वाढतात का बघा. कोणत्या प्रश्नांवर तुमचं पान ८ ते २० या क्रमांकांत घुटमळतंय ते शोधा आणि त्याचं उत्तर त्याच लेखात भरा, नवा लेख काढू नका. लोक देवनागरीत टाकतात की रोमनमध्ये, तेही तिथेच कळेल. 'क्रॉल झालं पण इंडेक्स नाही' (गुगलने पान वाचलं, पण आपल्या यादीत घेतलं नाही) असा शेरा आला तर पुन्हापुन्हा विनंती पाठवून उपयोग नसतो. बहुतेक वेळा मजकूर तोकडा असतो किंवा त्या पानाला साइटवरून एकही दुवा नसतो.

आणि जूनमध्ये हंगाम संपला की विक्रीचं पान काढून टाकू नका, पत्त्यात सालही घालू नका. 'साठा संपला, पुढची नोंदणी फेब्रुवारीत' असं लिहून तेच पान उभं ठेवा. लेखांतले सगळे दुवे त्याच पानाला जोडलेले आहेत.