मुलाला सायकलचं हेल्मेट कुठलं घ्यावं? आणि तो घालेल कसं?

कोथरूडची_आई:
मुलगा ९ वर्षांचा, जूनपासून क्लासला एकटा सायकलवर जायचं म्हणतोय. अंतर जेमतेम दीड किमी पण मधे एक मोठा चौक आहे. दुकानात गेले तर एक हेल्मेट पाचशेचं एक अडीच हजाराचं, दुकानदार म्हणे थोडं मोठंच घ्या ताई, पुढच्या वर्षीपण चालेल. स्कूटरवर मागे बसताना घालतो ते आयएसआयवालं घरी आहेच, तेच घालू का? आणि मेन प्रॉब्लेम म्हणजे त्याच्या गँगमधे कोणीच घालत नाही, "बॅटिंगला चाललास का रे" म्हणून चिडवतात.

घंटी_वाजवा:
मोठं अजिबात नको ताई, हा काय वाढत्या अंगाचा युनिफॉर्म आहे! शिवणाची टेप घेऊन भुवयांच्या जरा वर डोक्याचा घेर मोजा, हेल्मेटच्या आत सेंमी लिहिलेले असतात. पुढची कड भुवयांच्या दोन बोटं वर, पट्टे कानाखाली व्ही सारखे, हनुवटीखाली एखाददुसरं बोट जाईल एवढीच जागा. मागे सरकून कपाळ उघडं पडलं की घालून न घातल्यासारखंच. स्कूटरचं जड असतं, मान दुखते आणि कान झाकल्यामुळे मागून आलेलं वाहन नीट ऐकू येत नाही. आत ईएन १०७८ (युरोपचं सायकल हेल्मेटचं मानक) किंवा सीपीएससीचं (अमेरिकेचं तसलंच) लेबल बघा. महागात हलकेपणा, हवा वगैरे मिळतं, पण लेबल खरं असेल तर स्वस्तातलंही चालेल. आणि आतला फोम (आपल्या थर्माकोलचाच भाऊ) चेपून मार खातो, त्यामुळे एकदा जोरात आपटलं की वरून धड दिसलं तरी टाकून द्या.

जुना_सायकलवाला:
आम्ही अख्खं पुणं बिनहेल्मेटचं फिरलो, पण तेव्हा रस्त्यावर सायकलीच जास्त होत्या हेही खरं. नेदरलँड्समधे पोरं सर्रास हेल्मेटशिवाय शाळेत जातात कारण त्यांना वेगळा ट्रॅक आहे, आपल्याकडे ट्रॅकवर गाड्या पार्क. त्या ईएनच्या टेस्टमधे हेल्मेट साधारण दीड मीटरवरून आपटतात, म्हणजे पोरगं आपलं आपण पडलं तर डोकं वाचेल, बसने उडवलं तर त्याची गॅरंटी कोण देणार. म्हणून आधी त्याच्यासोबत तो रस्ता चार वेळा करा, चौकात उतरून सायकल हातात धरून क्रॉस करायला लावा. आणि शॉर्टकट म्हणून राँग साइडने येतो का ते बघा, सगळी पोरं येतात.

दोन_पोरांचा_बाबा:
वरच्यांना +१. एक कोणी सांगत नाही, बागेत घसरगुंडी, जंगल जिम, झाडावर चढताना हेल्मेट काढायलाच लावायचं, कुठे अडकलं तर पट्ट्याने गळा आवळतो. चिडवण्यावर आमच्याकडे एकच उपाय चालला, मी स्वतः घालायला लागलो आणि रंग त्याला निवडू दिला.

कोथरूडची_आई:
थँक्यू सगळ्यांना! घेर ५३ निघाला, दुकानदार ५८ चं गळ्यात मारत होता. रविवारी सकाळी दोघं सायकलने जाऊन आलो, राँग साइडचं अगदी बरोब्बर निघालं, किराणा दुकानापाशी वळलाच. आता फक्त रंगावरून भांडण चालूये, त्याला काळंच हवंय आणि मला लांबून दिसेल असं पिवळंधम्मक. ५३ ला बसणारं पिवळं कोणी कुठे बघितलंय का?