ऑफिसच्या स्टाफचे प्रोफेशनल फोटो काढायचे आहेत, दारव्हा-दिग्रसकडे कसं जमवावं? सल्ला द्या

धागाकर्ता (दारव्हा)
नमस्कार मंडळी. आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, स्टाफ वीसेक जण, त्यातले अर्धेअधिक फिल्डवर. वेबसाईट अन आयकार्डसाठी सगळ्यांचे एकसारखे फोटो पायजेत. आता जे जमा झाले त्यात कोणाचा जुना पासपोर्ट फोटो, कोणाचा लग्नातला कापलेला, कोणाचा सेल्फी. सगळ्यांना यवतमाळला स्टुडिओत नेलं तर ऑफिस दिवसभर बंद अन गाडीभाडं वेगळं. नागपूर-अमरावतीहून माणूस बोलवावा की इथला लग्नाचे फोटो काढणारा चालते?

पुसदकर
भाऊ, कोणाला कुठं नेऊ नका, फोटोग्राफरलाच ऑफिसात बोलवा. अन नागपूरचा कशाला, तालुक्याच्या ठिकाणी आजकाल प्री-वेडिंग करणारी पोरं चांगली तयार आहेत, फक्त त्याला लग्नाचा अल्बम दाखव म्हणू नका, एकेका माणसाचे साधे चेहऱ्याचे फोटो दाखव म्हणा, त्यात डोळे शार्प आहेत का ते पाहा. आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न या चातुर्मासात लग्नं नसतात, तेव्हा ही पोरं मोकळी असतात, भावही बसून ठरवता येते. माणशी रेट लावू नका, अर्ध्या दिवसाचा ठरवा, वीस जणांना तेच परवडते. सोयाबीन निघायच्या आधी उरकून घ्या, मग फिल्डवाले हाती लागत नाहीत.

जागा बारा-तेरा फूट लांब पायजे. माणूस भिंतीपासून चार फूट पुढं, कॅमेरा त्याच्यापासून सहा फूट, लेन्स ८५ एमएमच्या आसपास (छोट्या सेन्सरचा कॅमेरा असला तर ५० चालते). जवळून वाईड लेन्सनं काढलं की नाक मोठं अन कान गायब.

वाशीमची ताई
वरचं सगळं बरोबर, पण एक गोष्ट आधीच बोलून घ्या: कोणालाही गोरं करायचं नाही. आमच्या बचतगटांच्या ऑफिसात फोटो झाले तेव्हा आलेल्या माणसानं न विचारता सगळ्यांचे चेहरे उजळ अन गुळगुळीत करून दिले. आमच्या एका मावशीच्या हनुवटीवर गोंदणाचे ठिपके आहेत, ते डाग समजून पुसले. मावशी फोटो हातात घेऊन म्हणे, ही कोण बाई? इतका राग आला होता मला! उन्हातान्हात गावोगाव फिरणाऱ्या बाईचा चेहरा जसा आहे तसाच दिसला पायजे, गावात लोक तिला त्याच चेहऱ्यानं ओळखतात. पुटकुळी, उडालेला केस काढला तर हरकत नाही, तीळ, व्रण, गोंदण, रंग याला हात लावायचा नाही, हे ऑर्डर देतानाच लिहून द्या. अन प्रत्येकाला लगेच कॅमेऱ्यावर फोटो दाखवून त्याच्या पसंतीचाच ठेवा. वेबसाईटवर टाकायला ज्याची ना आहे त्याला जबरदस्ती करू नका.

धागाकर्ता (दारव्हा)
ताई, हे तर डोक्यातच नव्हतं, लिहूनच देतो. लाईटचं काय करावं? पावसाळ्यात आमच्याकडं कधी जाईल भरवसा नाही. अन दोघं-तिघं टोपी घालणारे आहेत, चष्मेवालेही आहेत.

पुसदकर
बॅटरीवर चालणारा फ्लॅश अन सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा उजेड मऊ करणारी कापडी पेटी) आहे का विचारा, मग लाईट गेली तरी काम थांबत नाही. ते नसलं तर ढगाळ दिवशी व्हरांड्यात काढा, उजेड मऊ मिळते, पण सगळ्यांचे एकाच सपाट्यात, उजेड बदलायच्या आत. खोलीत काढाल तर ट्यूबलाईट बंद करा, खिडकीचा अन ट्यूबचा उजेड मिसळला की अर्धा चेहरा हिरवट येते. टोपी काढायला लावू नका, कपाळावर थोडी मागं सरकवा म्हणजे डोळ्यांवर सावली पडत नाही. चष्म्यावर चमक आली तर लाईट वर उचला अन मान किंचित खाली.

मागं फिकट राखाडी पडदा बरा, पांढऱ्यावर पांढरा शर्ट हरवून जाते. बारीक रेघांचा शर्टही नको.

वाशीमची ताई
पडदा कुठं, स्टूल कुठं, लाईट कुठल्या बाजूला होता याचा एक फोटो मोबाईलवर काढून ठेवा, पुढं नवीन माणूस लागला की त्याचा फोटो बाकीच्यांसोबत जुळते. अन फाईली पेनड्राईव्हवर मूळ साईजमध्येच मागा. व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारख्या आल्या तर दाबल्या जातात, घ्यायच्याच असल्या तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.